गोदाबाईचा चेहरा विणणारा पंजा

मित्रांनो, मी एक जुना पंजा आहे. आखाड्यातल्या पैलवानाचा नव्हे, सतरंजीच्या मागावरचा. मागे एक मूठ आणि पुढे वाकलेले लोखंडी दात, एवढेच माझे शरीर. उभ्या दोऱ्यांतून आडवा दोरा गेला की मी त्याला ठोकून खाली बसवतो. माझा ठोका सारखा पडला तर सतरंजी घट्ट होते.

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका लोहाराने मला घडवले. माणिकबाई तेव्हा नव्या सून होत्या. त्यांच्या हाती आलो आणि आम्ही दोघांनी कितीतरी वर्षे लग्नघरांसाठी, भजनी मंडळांसाठी पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या विणल्या. "माणिकबाईची सतरंजी नातवाले बी पुरते," असे लोक म्हणत, तेव्हा मला फार अभिमान वाटे. पुढे बाजारात प्लॅस्टिकच्या चटया आल्या. माग थांबला. मी पोत्यात पडलो आणि गंज खात राहिलो.

एके दिवशी सुट्टीत घरी आलेल्या त्यांच्या नातीने, आकांक्षाने, ते पोते उपसले. ती अमरावतीला चित्रकला शिकत होती. माणसांचे चेहरे काढण्यात तिचा हात चांगला होता. तिने विचारले, "आजी, मागावर चेहरा विणता येईल का?"

माणिकबाई हसल्या. "जलमभर पट्टे इनले मी. तोंड कसं इनाव, पोरी?"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला विटेच्या भुकटीने घासले आणि माझ्या दातांना तेल लावले!

आकांक्षाने चेहरा निवडला तो गोदाबाईंचा. त्या बार्शीटाकळीहून भाजी घेऊन आमच्या गल्लीत येत. माणिकबाईंच्या जुन्या मैत्रीण. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या. देवीचे व्रण गालांवर कायमचे राहिले. कोणी फोटो काढू लागले की त्या पदर तोंडावर ओढून घेत. आधी त्या नाहीच म्हणाल्या. मैत्रिणीने गळ घातली तेव्हा कबूल झाल्या, पण अट घालून.

"मले पटलं नाई, तं मी सोता उसवून टाकीन. तवा रडायचं नाई."

आकांक्षाने तसा शब्द दिला.

तिने चित्र काढून ताण्यामागे, म्हणजे मागावरच्या उभ्या दोऱ्यांमागे, बांधले. त्यातले गाल अगदी गुळगुळीत होते. आठ दिवस विणून झाल्यावर माणिकबाईंनी मला खाली ठेवले.

"हे गोदा नोहे. हे थाळी हाय."

"आजी, व्रण दाखवले तर त्यांना राग येईल."

"येऊ दे. दुसरीचं तोंड तिले देनं बरं नाई."

आठ दिवसांचे काम त्यांनी उसवले. मला वाईट वाटले, पण त्यांचे खरे होते. मग आकांक्षाने गव्हाळ, तपकिरी, मातकट दोरे नव्याने लावले. एकेका व्रणासाठी चिमूटभर गडद दोरा. तो मी अलगद बसवायचा. असे हलके ठोके मी कधी मारले नव्हते. हनुवटी, मग गाल, मग डोळे, असे विणले जाई आणि खालच्या तुळईला गुंडाळले जाई. त्यामुळे सबंध चेहरा कोणीच पाहिला नव्हता.

दोन महिन्यांनी सतरंजी मागावरून उतरली. गोदाबाई भाजीची पाटी ओट्यावर ठेवून आत आल्या. आकांक्षाने सतरंजी उलगडली आणि मान खाली घातली.

 गोदाबाईंनी सतरंजीतल्या गालावरून बोट फिरवले. तेच बोट मग स्वतःच्या गालावरून फिरवले. नंतर त्यांनी माझ्याशेजारची कात्री उचलली. मित्रांनो, माझे दात शिवशिवले! आकांक्षाने माणिकबाईंचा हात घट्ट धरला.

कात्री एकदाच वाजली. कपाळाजवळ लोंबणारे दोऱ्याचे एक टोक खाली पडले.

"एवढं सूत बाहीर राह्यलं होतं," गोदाबाई म्हणाल्या. "माणिक, हे तं मीच हावो! काहून लपवत होती मी इतके वर्सं?"

आकांक्षा रडता रडता हसू लागली. माणिकबाईंनी "झालं बापा एकदाचं" म्हणत भिंतीला पाठ टेकली. आणि मी, निव्वळ लोखंड असूनही, हलका झालो.

आता ती सतरंजी अमरावतीच्या प्रदर्शनात आहे आणि मागावर नवा ताणा चढला आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे जुने अवजार पडून असेल. ते भंगारात देण्याआधी एकदा पुसा. ते कसे चालवतात, हे घरच्या मोठ्यांना विचारा. त्यांनी सांगितले तर लगेच शिकून घ्या, कारण आम्हांला तेल कोणीही लावू शकते, पण आम्ही चालतो ते हातांनी.