माळवदाखालचा खांब

मी एक जुना खांब आहे. विजेचा नव्हे, सिमेंटचा तर मुळीच नव्हे. किनवटच्या जंगलातला अस्सल सागवानी खांब, लातूरच्या गावभागातल्या एका तीन खणांच्या घरात मधोमध उभा असलेला. मित्रांनो, मला पाहून तुम्ही "ई, किती जुनाट!" म्हणणार हे मला ठाऊक आहे. खुशाल म्हणा. माणसांनी माझ्या अंगात आजवर इतके खिळे ठोकले, इतकी कॅलेंडरं टांगली आणि नेलपॉलिशने इतकी नावं लिहिली, की त्यांच्या मताला मी आता फारशी किंमत देत नाही.

मला बैलगाडीतून इथवर आणलं. सुताराने रंधा मारला, माझ्या माथ्याखाली कमळ कोरलं आणि पायाखाली एक घडीव दगड बसवला. त्याला तळखडा म्हणतात. लाकडाचा पाय ओल्या जमिनीला लागू नये म्हणून तो असतो. माझ्यासोबत माझ्याच झाडाचे आणखी खांब उभे राहिले. आमच्या डोक्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि सगळ्यांत वर मातीचा जाड थर. या मातीच्या छपराला आमच्याकडे माळवद म्हणतात. त्याच्याखाली भर उन्हाळ्यातही गारवा असतो.

भिंती होत्या दगडमातीच्या, हातभर जाड, भारी तोऱ्यातल्या. येणारा जाणारा त्यांच्यावर थाप मारून म्हणे, "काय भक्कम घर आहे हो!" छपराचं ओझं आम्ही पेललंय आणि या बाया नुसत्या कडेला उभ्या आहेत, हे एकाच्याही ध्यानात येत नसे.

माळवद दरवर्षी राखावं लागतं. पावसाळ्याआधी वरचं गवत उपटायचं, भेगा बुजवायच्या, गढीची पांढरी माती आणून अंथरायची आणि पाणी शिंपडून चोपायची. ही माती पाणी आत येऊ देत नाही. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं आहे. पण नवी माती टाकायची तर तेवढीच जुनी खरवडून काढायला नको का? आमच्या गल्लीत ती कोणी काढत नसे. भरल्या घरावरची माती खाली ओढली की घरातलं माणूस जातं, असा तिथला समज. त्यामुळे माती फक्त चढायची, उतरायची कधीच नाही.

आमचे मालक रेणुकादास गुरुजी. अक्षय्यतृतीया झाली की ते धोतर खोचून शिडीने वर जात, पहिल्या पाच ओंजळी स्वतःच्या हाताने टाकत आणि खाली येऊन सगळ्यांना गूळ-फुटाणे वाटत. पोरं टाळ्या पिटत, बाया कौतुकाने बघत. गुरुजी शाळेत गणित शिकवायचे. बेरीज त्यांना उत्तम येत असणार, वजाबाकीबद्दल मात्र मला शंका आहे.

मग त्र्याण्णव साल आलं. गणपती बुडवून गाव नुकतंच निजलं होतं आणि पहाटे जमीन हलली. जंगलातली वादळं मला माहीत होती, पण पायाखालची भुईच सरकते हे मला नवीन होतं. जिच्यावर सगळ्यांनी थापा मारल्या होत्या ती मागची भिंत गल्लीत आडवी झाली. आम्ही खांब डोललो, करकरलो. माझा पाय तळखड्यावरून जरा सरकला, पण तुळई मी सोडली नाही. गुरुजींची सून सौदामिनी लग्न होऊन पहिल्याच वर्षाची पोर होती. ती मला मिठी मारून बसली होती आणि वरून तिच्या केसांत माती गळत होती. घरातलं प्रत्येक माणूस वाचलं.

उजाडल्यावर गुरुजींनी नारळ फोडला. कुठे? उरलेल्या भिंतीतल्या देवाच्या कोनाड्यापुढे. माझ्या अंगावर पाण्याचा एक शिंतोडाही उडाला नाही.

पुढे गुरुजी शाळेतल्या माणसांबरोबर किल्लारीला मदतीसाठी गेले. तिथे दगडी भिंती आणि माळवदाची माती माणसांवर कोसळली होती. परत आले तेव्हा त्यांच्या घशाखाली घास उतरेना. मला या माणसाची तेव्हा पहिल्यांदा दया आली. वाटलं, आता तरी वरची माती उतरेल. पण गुरुजींनी काय करावं? अंगणात पत्र्याची खोली उभी केली आणि स्वतःची बाज तिकडे हलवली. मागची भिंत पुन्हा बांधून काढली. आणि पुढच्या उन्हाळ्यात माळवदावर पुन्हा पाच ओंजळी पडल्या.

वर्षं गेली आणि लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. चौकाचौकात हसऱ्या पोरांचे फोटो लागले आणि गल्लीत ज्याच्याकडे चार भिंती होत्या तो वसतिगृहाचा मालक झाला. सौदामिनीचा नवरा श्रीनाथ कसा मागे राहील? त्याने प्लायवूड ठोकून घराचे तुकडे केले, कॉट मांडल्या आणि मुली ठेवल्या. मला पिस्ता रंग फासला. जमिनीवर चकचकीत फरशी घातली आणि तिच्याखाली माझा तळखडा गाडून टाकला. माझ्या पायाशी न्हाणी बांधली. वर माळवद गळायला लागलं तर सगळ्या मातीवर सिमेंटचा कोबा ओतला आणि कोब्यावर पाण्याच्या काळ्या टाक्या चढवल्या. याला तो रिनोव्हेशन म्हणत असे आणि येणाऱ्या पालकांना भिंतीवर थाप मारून दाखवत असे.

मुलीही काही कमी नव्हत्या. माझ्या अंगावर त्यांनी सूत्रांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. बिलोलीहून आलेली इरा तर मला पाठ टेकूनच अभ्यास करायची. तिला डॉक्टर व्हायचं होतं. हाडांची नावं ती मोठमोठ्याने पाठ करायची, पण जिला टेकून बसलो आहोत ती वस्तू कशाची आहे, हे बिचारीने कधी वळून पाहिलं नाही. न्हाणीचं पाणी फरशीखालून माझ्या पायात मुरत होतं आणि मी आतून भुसभुशीत होत चाललो होतो. रात्रंदिवस करकरत होतो. त्या म्हणायच्या, उंदीर आहेत.

शेवटी एका सकाळी इराच्या उघड्या पुस्तकावर माती पडली. तिने ती फुंकली, पुन्हा पडली.

"काकू," तिने हाक मारली, "वरून माती पडून राहिली बघा."

सौदामिनी आली. इराच्या केसांतही माती होती. ती पाहून सौदामिनीचा हात स्वतःच्या केसांकडे गेला. मग खाली बसून तिने माझ्या पायाजवळची उचकटलेली फरशी बाजूला केली आणि बोट लावलं. बोट लाकडात गेलं.

श्रीनाथला सांगितलं तर तो म्हणाला, "आत्ता अ‍ॅडमिशनचा सीझन हाय. दिवाळीत बघू." मग ती सासऱ्यांकडे गेली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"मामंजी, माळवदावरची माती उतरवून घ्यावी म्हणते."

"भरल्या घराची? खुळी झालीस का?"

"खांब खालून कुजून राहिला. पोरींच्या अंगावर यायचं सगळं."

"भूकंपात न्हाई आलं, आता काय येतंय."

"मग तुम्ही एवढी वर्षं पत्र्याखाली का निजता?"

गुरुजींनी वर्तमानपत्र चाळलं. मग म्हणाले, "मला आत उकडतं."

माळवदाखाली उकडतं, आणि उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली गार वाटतं! मित्रांनो, हे ऐकून मी त्याच क्षणी कोसळलो नाही, हा माझा चांगुलपणा समजा.

सौदामिनी घरात परत आली. तिने मुलींना आपापल्या गाद्या उचलून अंगणात जायला सांगितलं. मग गुरुजींची बाज ओढत आत आणली, बरोबर माझ्या पायाशी मांडली आणि तिच्यावर त्यांची वाकळ अंथरली.

"या मामंजी. दुपारची झोप आज इथं घ्या. तुम्ही निजलात तर मी मातीचं नाव काढणार न्हाई."

गुरुजी उंबऱ्यापर्यंत आले. त्यांनी वर पाहिलं. एक कडी करकरली आणि मूठभर माती वाकळेवर पडली. त्यांनी चौकट घट्ट धरली.

"किल्लारीत," ते म्हणाले, "मी एका पोरीला हातांनी उकरून काढलं होतं. इराएवढीच असंल. लई उशीर झाला होता गं." मग त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "काढ. सगळी काढ."

मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. हे सगळं पोटात ठेवून हा माणूस दरवर्षी पाच ओंजळी टाकत होता, खाली कोण निजतंय हे रोज बघत होता! कीव जास्त की संताप, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुली त्याच दिवशी दुसरीकडे गेल्या. आम्हा खांबांच्या बाजूला लोखंडी टेकू लागले, टाक्या खाली आल्या, कोबा फुटला. पहिली टोपली सौदामिनीने पदर खोचून स्वतः खाली टाकली. गल्ली जमली होती. शेजारचा संगप्पा सगळ्यांत मोठ्याने म्हणाला, "ही बाई घरातलं माणूस घालवणार!" गुरुजी खाली उभे राहून गूळ-फुटाणे वाटत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते माती उतरवल्याचे वाटत होते. घरातलं कोणीही गेलं नाही. श्रीनाथ तेवढा रुसून सासुरवाडीला गेला होता, तो जेवायच्या वेळेला परत आला.

न्हाणी हलली. माझा कुजका पाय कापला आणि खाली उंच तळखडा बसवला. वर हलकं छप्पर आलं. डोक्यावरून ते डोंगराएवढं ओझं गेल्यावर मला कसंसंच झालं, इतकी सवय झाली होती. आता मी लाकडाने थोडा बुटका आहे, पण ताठ आहे. इरा परत आली तेव्हा तिने पहिल्यांदा मला हात लावून नीट पाहिलं आणि आपल्या चिठ्ठ्या आपणच खरवडून काढल्या.

दारात मातीचा ढीग पडून होता. एके दिवशी संगप्पा रिकामी टोपली घेऊन आला, तोच, माणूस जाणार म्हणणारा. त्याच्याही माळवदाखाली मुलं भाड्याने राहतात. तो स्वतः पुढच्या नव्या स्लॅबच्या खोलीत राहतो.

"वैनी, लई जुनी माती हाय. अशी आता मिळत न्हाई. फेकून देऊन राहिलात तर आमच्या माळवदाला नेतो."

"न्या की," सौदामिनी म्हणाली. "पण पायाखाली घाला संगप्पा, डोक्यावर नका घालू."

तो हसला आणि टोपली भरायला वाकला. तेवढ्यात गुरुजी काठी टेकत आले आणि सरळ त्या ढिगावर जाऊन बसले.

"आधी तुझी बाज पोरांच्या खोलीत टाक," ते म्हणाले. "तिथं निजून दाव. मग ही सगळी माती तुझी."

संगप्पा काहीतरी पुटपुटला आणि रिकामी टोपली घेऊन निघून गेला. त्याच्या घरात माझ्याच झाडाचा एक खांब उभा आहे. वारा पडला की त्याची करकर मला इथे ऐकू येते. तिथल्या पोरांना वाटतं, उंदीर आहेत.

मित्रांनो, उद्या तुम्हीही शिकायला परगावी जाल आणि एखाद्या जुन्या घरात खोली बघाल. जुन्या घराला नावं ठेवू नका. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं आणि पाय कोरडे ठेवले, तर ते तुमच्या नातवंडांनाही सांभाळील. मालक भिंतीवर थाप मारून दाखवील, तिकडे लक्ष देऊ नका. त्याला फक्त एवढंच विचारा, की तुम्ही स्वतः कुठे निजता?