नऊ वेळा तुटलेला कॉल

२००६ च्या मार्चमध्ये कोल्हापूरच्या एका न्यायालयातून कारागृहाशी जोडलेला व्हिडिओ कॉल तीन गुरुवारांत नऊ वेळा तुटला. नऊही वेळा त्या क्षणी कारागृहाचा आवाज बंद केलेला होता.

आवाज बंद करणं रामलिंग पट्टणशेट्टीच्या हातात होतं. कुरुंदवाडचा हा भौतिकशास्त्राचा पदवीधर न्यायालयामागच्या खोलीत सर्व्हरपुढे बसे. पडद्यावर चालू कॉलची यादी असे. कोणता जोडायचा, कोणाचा आवाज थांबवायचा, हे तो पाही. कच्च्या कैद्यांची हजेरी कॅमेऱ्यावरूनच होई. एकाची विचारपूस संपली की न्यायाधीशसाहेब लघुलेखकाला आदेश सांगत. तेवढ्यात तुरुंगातला गलका मध्ये नको म्हणून रामलिंग तिकडचा आवाज सर्व्हरवरून बंद करी. तसा नियम नव्हता. त्याची सवय होती. आवाज बंद झाला की तुरुंगातल्या टीव्हीवर लाल खूण उमटे.

तिसऱ्या गुरुवारी साहेबांनी त्याला बोलावून सुनावलं, "पुढच्या खेपेला कारण लेखी द्या. नाहीतर तुमच्या जागी दुसरा माणूस."

शिरस्तेदार शालूबाई बाहेरच उभ्या होत्या. "दर येळी त्या सिकंदरच्या पाळीआधीच तुटतंय बघ. कुणाची तरी नजर हाय. जोतिबाला नारळ फोडून ये."

"नारळानं लाइन जुळत असती, तर टेलिफोनवाल्यांनी नारळच विकले असते की, बाई."

"लई शाणा हायस. नोकरी गेली म्हंजे कळंल."

बाईंचा निष्कर्ष चूक होता, निरीक्षण अचूक. सिकंदर मुजावर हा वेल्डर. तुरुंगातल्या हवालदाराने आपली दोन बोटं मोडली, असं त्याने फेब्रुवारीत न्यायालयाला सांगितलं होतं. त्यानंतर दर गुरुवारी "काही तक्रार?" या प्रश्नाला तो एकच उत्तर देई, "न्हाय साहेब." टोपी तेवढी कानांपर्यंत ओढलेली असे.

बुधवारी रामलिंगने रिकामा कॉल जोडून चाळीस वेळा आवाज बंद-चालू केला. कॉल एकदाही तुटला नाही. म्हणजे दोष सर्व्हरच्या आज्ञेत नव्हता. आवाज बंद असताना पलीकडे काय घडतं, एवढंच पाहायचं उरलं. न्यायालयापुरता बंद केलेला आवाज सर्व्हरपर्यंत येतच असतो आणि चालकाला तो हेडफोनवर ऐकता येतो. रामलिंगने तो कधी ऐकला नव्हता.

गुरुवारी सिकंदरच्या आधीच्या कैद्याचं आटोपलं. साहेब आदेश सांगू लागले. रामलिंगने आवाज बंद केला आणि हेडफोन कानाला लावला.

"लाल आलं रं!" कुणीतरी ओरडलं. "आकाराम, हाण!"

कुठलीशी लाकडी फळी दणाणली.

"बोलशील कोर्टात? बोलशील, भाड्या?"

पुन्हा दणका. या खेपेला लाकडाबरोबर हाडही वाजलं. मग किंचाळी सुरू झाली आणि मध्येच दाबली गेली. तोंडात काहीतरी कोंबलं असावं.

रामलिंगने आवाज चालू केला.

"केस धर त्याचं! मागनं आपट, तोंडावर वळ दिसाय नको!" भरल्या न्यायालयात लाउडस्पीकर गरजला. तिसरा दणका. चौथा. बाकावरची एक बाई कान झाकून खाली बसली. लघुलेखकाची बोटं टंकयंत्रावर तशीच राहिली. पाचव्या दणक्याला कॉल तुटला.

साहेबांनी सिकंदरला तत्काळ समक्ष हजर करण्याचा हुकूम काढला आणि रामलिंगला बेलिफाबरोबर कारागृहात धाडलं. कॅमेऱ्याची खोली आणि पाळी येईपर्यंत कैद्यांना थांबवायची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची एकच फळी होती. पलीकडच्या बाजूला, डोक्याच्या उंचीवर, रक्ताचे थर होते: खालचे काळपट, वरचा ओला, त्यात उपटलेले केस. अलीकडच्या बाजूला नेमका तिथेच, ज्यातून कॉल जोडला जाई तो लाइनचा डबा स्क्रूने बसवलेला होता. रामलिंगने मूठ आवळून त्या जागी ठोसे मारले. सहाव्याला डब्यातली पिन निसटली आणि डब्यावरचे दिवे विझले.

संध्याकाळी तो अहवाल लिहायला बसला तेव्हा शालूबाई वाकून वाचत होत्या.

"डबा सैल हुता, हवालदारानं मारलं, बास की. सोताचं नाव कशाला घालतोस? नोकरी वाचली म्हण आणि गप बस."

"ते लाल दिसायची वाट बघत हुते, बाई. लाल मी दावत हुतो."

अहवालात तीन वाक्यं होती. हवालदार आकाराम कैदी सिकंदर मुजावर याचे डोके लाइनचा डबा बसवलेल्या फळीवर आपटत असे, त्यामुळे कॉल तुटत होता. न्यायालयाला काही ऐकू जात नाही याची खात्री झाल्यावरच ही मारहाण होई. ती खात्री कारागृहाला दर वेळी सर्व्हरचालक रामलिंग पट्टणशेट्टी, कोणताही नियम नसताना, आवाज बंद करून देत होता.