भुवया नसलेला अंतराळवीर

ताईचा सिनेमा अजून सुरू व्हायचा होता, पण तिच्या धाकट्या भावाच्या भुवया केव्हाच संपल्या होत्या.

सिनेमा अंतराळाचा. एक अंतराळवीर यानात एकटाच उरतो, किरणोत्सारामुळे त्याच्या अंगावरचा केस न् केस झडतो आणि तसाच तो वर्षानुवर्षं पृथ्वीकडे बघत बसतो. पटकथा तयार होती, यानाची चित्रं तयार होती. नव्हता तो फक्त निर्माता. ओळखीच्या नटांना भुवया काढायचं सांगितलं की ते फोन उचलायचे बंद होत. शेवटी ताईने घरचाच गडी उभा केला. अडगळीच्या खोलीच्या दाराला भोक पाडून तिथे मोडक्या वॉशिंग मशीनची गोल काच बसवली, मागे धाकट्याला उभं केलं आणि कॅमेरा लावला.

तो टेस्ट शॉट ज्याने बघितला त्याने तो परत लावायला सांगितला. खरं तर धाकटा काहीच करत नव्हता, नुसता बघत होता. पण त्या सपाट, उघड्यावाघड्या चेहऱ्यावरून नजर हलत नसे.

"हा शॉट मी सिनेमात जसाच्या तसा घेणार," ताई म्हणाली. "आता तुझं तोंड बदलायचं नाही. आधीच्या शॉटला नंतरचा जुळला पाहिजे. कंटिन्युइटी!"

"शूटिंग कधी आहे?"

"कधीही सुरू होईल."

वर्षांमागून वर्षं गेली, तरी हे 'कधीही' काही केल्या सुरू होईना. वस्तऱ्याने सावली उरते, मुळापासून उपटा, असं मेकअपवाल्याने सांगितलं होतं. म्हणून दर रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली खुर्ची मांडायची, धाकट्याच्या गळ्यात टॉवेल अडकवायचा आणि ताईने चिमट्याने एकेक केस वेचायचा. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. "हलू नकोस," ताई म्हणायची. आई भांडी आपटत म्हणायची, "पोराचं तोंड सोललेल्या बटाट्यासारखं करून ठेवलंय! जगाला नट मिळतात, हिलाच भाऊ लागतो."

धाकटा चष्म्याच्या दुकानात होता. मालकाने त्याला काउंटरवरून उचलून मागच्या खोलीत काचा घासायला बसवलं. "गिऱ्हाईक चष्मा लावतं, आरशात बघतं, मग तुझ्याकडे बघतं आणि चष्मा ठेवून निघून जातं," मालक म्हणाला. धाकट्याने ते घरी येऊन हसत हसत सांगितलं. ताईही हसली. तिला खरंच हसू आलं होतं, हे तिला नंतर कधी आठवलं नाही.

आणि एक दिवस निर्माता मिळाला. त्याने टेस्ट शॉट तीनतीनदा बघितला.

"मॅडम, करू या आपण हा सिनेमा. हा माणूस कोण?"

"माझा भाऊ."

"चेहरा भारी आहे. पण अंतराळवीर मोठा हिरोच हवा. आणि हिरो काही भुवया काढणार नाही, तेव्हा केस झडायची ती भानगड गोष्टीतून काढून टाका. चालेल ना?"

ताईने निदान रात्रभर तरी विचार करायला हवा होता. तेवढी तरी शोभा राखायला हवी होती. तिने चहाचा घोटसुद्धा गिळला नाही.

"चालेल," ती म्हणाली.

"फक्त हिरोची सही होईपर्यंत भावाला असाच ठेवा. पैसेवाल्यांपुढे दोनचारदा उभा करू. ह्या तोंडाला भुलतात लोक."

तिला लाज वाटली. पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता आणि त्या आनंदाने लाजेला कोपऱ्यात बसवून ठेवलं.

त्या रविवारी धाकटा खुर्चीत बसला, पण टॉवेल त्याने हातातच धरला. "ताई, एक विचारू? शेजारच्या दुकानातली घड्याळवाली आहे ना..."

"हं."

"ती लग्नाला हो म्हणते. पण म्हणाली, मला अंतराळवीर नको, माणूस हवाय. वडिलांसमोर असा उभा राहिलास तर ते दार लावून घेतील. भुवया आल्या की भेटवते." तो ओशाळून हसला. "सिनेमाचं नक्की नसेल, तर येऊ देऊ का? मधेच लागलंच तर परत काढू. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं! एवढंच सांगायचं होतं तिला, की जा बाबा, सुटलास. चिमटा टेबलावर ठेवायचा, बस्स.

"आता तर अगदी तोंडाशी आलंय," ताई म्हणाली. "आत्ताच कच खाऊ नकोस. मान वर कर."

त्याने मान वर केली. तिने केस वेचायला सुरुवात केली. तेही फारसे उरले नव्हते.

त्याला पैसेवाल्यांपुढे उभं केलं. ते भुलले. हिरोने सही केली. मग ताईने स्वयंपाकघरातच, त्याच्याकडे पाठ करून, सांगून टाकलं, "रोल हिरोला गेला रे. अचानकच ठरलं सगळं. पण तू आहेस सिनेमात! यानाबाहेरचे हेल्मेटमधले शॉट तुझेच."

"चेहरा दिसतो त्यात?"

"काच काळी असते."

त्याने डोळ्यांवरच्या उघड्या कातडीवरून बोट फिरवलं आणि तो म्हणाला, "म्हणजे आता भुवया वाढवू ना?"

"वाढव की!" ताई म्हणाली, जणू मोठं बक्षीसच देत होती.

त्या आल्या नाहीत. त्याने तेल चोळलं, डॉक्टरकडे जाऊन आला. वर्षानुवर्षं उपटून मुळंच मेलीत, असं डॉक्टर म्हणाला. आईने ताईशी बोलणं टाकलं.

शूटिंगच्या दिवशी धाकटा जाड पांढरा सूट चढवून मेकअपच्या खुर्चीत बसला होता. निर्मात्याने येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे, तुझ्याच तोंडावर विकला बरं का सिनेमा! पहिल्याच भेटीत सांगितलं होतं मी मॅडमना, हिरो दुसरा घेऊ, पण सही होईपर्यंत ह्याला असाच ठेवा."

ताई दारातच उभी होती. धाकट्याने आरशातून तिच्याकडे बघितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त बघत राहिला, वॉशिंग मशीनच्या काचेमागून बघायचा तसा.

"एका शॉटमध्ये काच जरा वर सरकते, कपाळ दिसतं," मेकअपवाला आपल्याच नादात म्हणाला. "हिरोशी जुळायला पाहिजे." त्याने डबीतून खोट्या भुवया काढल्या, डिंक लावला आणि धाकट्याच्या कपाळाखाली अलगद दाबून बसवल्या.

आरशात एक देखणा माणूस बसला होता. ताईला ओळखायला क्षणभर वेळ लागला. आपला भाऊ असा दिसतो, हे ती विसरूनच गेली होती.

शॉट झाला. धाकटा हेल्मेट काखेत घेऊन तिच्याजवळ आला. घामाने निथळत होता, भुवया मात्र जागच्या जागी होत्या.

"ताई, संध्याकाळी त्या घड्याळवालीचे वडील दुकानात येणार आहेत. ह्या भुवया तासाभरासाठी नेऊ का? उद्या सकाळी आणून देतो."

ताईचा जीव तुटला. अगदी खरोखर तुटला. तिने मेकअपवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, "ही एकच जोडी आहे मॅडम. काही झालं तर उद्याचा शॉट आजच्याला जुळायचा नाही."

"नको रे," ताई म्हणाली. "कंटिन्युइटी जाईल."

धाकट्याने मान डोलावली. आरशासमोर बसून त्याने त्या स्वतःच सोडवल्या, एकही केस तुटू न देता, आणि डबीत ठेवून दिल्या.