चारशे सात नंबरचा व्हॉल्व्ह: स्थिती उत्तम

नाकं मुरडून झाली असतील तर ऐका, मित्रांनो. मी एक जुना, गंजलेला आणि दांडा तुटलेला व्हॉल्व्ह आहे. एका भल्यामोठ्या विमानतळाच्या छतात, पाण्याच्या पाइपावर माझी अठरा वर्षं गेली. आता भंगारात पडलोय. पण मला किळस या गंजाची येत नाही. गंज बिचारा खोटं तरी बोलत नाही.

माझा देह बिडाचा, वर लाल चाक. ते चाक फिरवलं की वरच्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहांचं पाणी बंद. माझ्या खाली सुपरवायझरची खोली होती आणि भिंतीपलीकडे प्रवाशांच्या बॅगा फिरवणारा पट्टा.

दर तीन महिन्यांनी प्लंबरकाका शिडी लावून वर यायचे. चाक पूर्ण बंद करायचे, पूर्ण उघडायचे, दांड्याला ग्रीस लावायचे. "काय राव, हातपाय आखडले नाहीत ना?" असं विचारायचे. बरेच दिवस फिरवलं नाही की आमच्यासारखे आतून धरतात, जाम होतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग एक इंजिनीअर मॅडम आल्या. विमानतळावर माझ्यासारख्या वस्तू हजारोंनी. कोण कुठे आहे, कधी बसवला, बंद केला तर कुणाचं पाणी तुटतं, हे सगळं त्यांना कम्प्युटरमध्ये एका जागी हवं होतं. त्या स्वतः शिडीवर चढल्या, केसांत धूळ घेऊन माझा फोटो काढला आणि अंगावर एक चौकोनी स्टिकर चिकटवला. नंबर चारशे सात! त्यावर मोबाइल धरला की माझी सगळी कुंडली समोर. खरं सांगतो, मी तेव्हा चांगलाच फुगलो होतो.

"आधी फिरवायचं, मग स्कॅन करायचं," मॅडमनी सगळ्यांना बजावलं होतं. पुढे त्यांची बदली झाली आणि नवा सुपरवायझर आला.

"काका, तुम्ही आता फक्त गळतीच्या तक्रारी बघा. तपासणी माझ्याकडे," तो म्हणाला. आणि या गृहस्थानं काय करावं? आम्हा सगळ्यांचे स्टिकर कम्प्युटरवरून कागदावर छापून त्यांची फाइल केली! तीन महिने झाले की खुर्चीत बसायचं, चहात बिस्किट बुडवायचं आणि पानं उलटत स्कॅन करायचं. "चारशे पाच, उत्तम. चारशे सहा, उत्तम. चारशे सात, उत्तम!" अहो, मी त्याच्या डोक्यावर चार हातांवर होतो! शी! वर बसल्या बसल्या मला शिसारी यायची.

काकांना राहवेना. "साहेब, दोन वर्षं वर कुणी गेलं नाही. चारशे सात फिरवून येऊ का?"

"स्क्रीनवर हिरवा दिसतोय ना? मग झालं तर."

एका दुपारी माझ्या पुढचा पाइप फुटला. पट्ट्यावरच्या बॅगा पाण्यात न्हाऊन निघाल्या, प्रवाशांची पळापळ झाली. काका धावत शिडीवर चढले, दोन्ही हातांनी माझं चाक धरलं. "फिर रे बाबा, फिर!" मला फिरायचं होतं हो! पण मी आतून पार धरलो होतो. शेवटी त्यांनी पाना लावला आणि माझा दांडाच तुटला. मुख्य व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत तासभर पाणी वाहत होतं.

सुपरवायझरनं लगेच हात झटकले. "रेकॉर्डमध्ये व्हॉल्व्ह उत्तम आहे. काकांनीच जोर लावून तोडला." काकांच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते आणि आता त्यांना कामावरून काढायची भाषा सुरू झाली. मला कापून बाहेर काढलं आणि पुरावा म्हणून ठेवून दिलं.

तीन आठवड्यांनी चौकशी झाली. चौकशीला आल्या त्याच मॅडम. टेबलावर माझे दोन तुकडे, समोर काका.

"मॅडम, सोळा वर्षं त्याला या हातांनी फिरवलंय. मी कशाला तोडेन?" काकांनी दोन्ही हात पुढे केले.

"माणूस खोटं बोलेल," सुपरवायझर म्हणाला, "रेकॉर्ड नाही बोलणार."

मॅडमनी माझ्या स्टिकरवर मोबाइल धरला. मग मोठ्यानं वाचलं, "चारशे सात. शेवटची तपासणी, आज सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. चाक सहज फिरतं. स्थिती उत्तम."

मला छतातून काढलंय हे कम्प्युटरला कुणी कळवलंच नव्हतं. साहेबांनी त्याच सकाळी फाइल घेऊन नेहमीसारखी फेरी उरकली होती.

मॅडमनी माझा चाकवाला तुकडा सुपरवायझरपुढे सरकवला. "फिरवून दाखवा बरं."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. काका सुटले.

मित्रांनो, मॅडमचा कम्प्युटर वाईट नव्हता. त्याला जे सांगितलं ते त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं. म्हणून 'पाहिलं' असं लिहिण्याआधी एकदा खरंच पाहा. आम्हाला तेवढंच पुरतं.

निवृत्तीच्या दिवशी काका भंगाराच्या कोपऱ्यात आले. खाली बसले आणि नखानं माझा स्टिकर खरवडून काढला.

"आता तरी तुझ्याबद्दल कुणी खोटं लिहिणार नाही," ते म्हणाले.