माझे वीतभर पाय

“खुर्चीचे पाय कापण्यापेक्षा आबांची गादीच उंच का नाही केली?”

हा प्रश्न वडिलांना विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी कुसुमलताशी शाळेच्या हौदापाशी लावली. तिने विचारलाही. मित्रांनो, ज्या खुर्चीचे पाय कापले ती मी. माझा राग अजून गेलेला नाही.

मी फ्रान्सची, अक्रोडाच्या लाकडाची. माझ्या आधीच्या खुर्च्यांचे पाय वेलीसारखे वळलेले असत. मग मातीत गाडलेली रोमन शहरं उकरली गेली, तिथले खांब बघून कारागिरांना सरळ रेषेचं वेड लागलं. म्हणून माझे पाय खांबांसारखे सरळ, उभ्या पन्हळींचे, खाली निमुळते. पाठ लंबगोल, तिच्यावर पानांची माळ. कशी मापात होते मी! ‘होते’ म्हणताना दातओठ खावेसे वाटतात, पण खुर्चीला दात कुठले?

कापूस घ्यायला आलेल्या एका साहेबाने मला धरणगावला आणलं. तो मायदेशी निघाला तेव्हा कुसुमलताच्या वडिलांनी, मोहनलालशेठनी, मला घरी नेलं. आठ दिवस नुसतं कौतुक! पण बैठकीत त्यांचे वडील, दलिचंद आबा, गादीवर बसत. माझ्यावर बसलेला पाहुणा त्यांच्यापेक्षा उंच व्हायचा. वडीलधाऱ्यांच्या वर बसायचं नाही, ही घरची रीत. पंडित मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी माझ्या पन्हळींवरून हात फिरवला. म्हणाले, “भाऊ, हाई पाप शे.” पाप म्हटलं तरी करवत चालवलीच. वीतभर पाय गेले. आता मी बसक्या बेडकासारखी दिसते.

कुसुमलताच्या प्रश्नावर मोहनलालशेठ हसले. आबांच्या गादीला कोणी हात लावतं का, म्हणाले.

रविवारी बोदवडची मंडळी तिला बघायला आली. मुलगा दहावीपर्यंत शिकलेला. तेव्हा मॅट्रिकची परीक्षा अकरावीला असे; ही जूनमध्ये अकरावीत जाणार, मॅट्रिक होणार. मंडळी गेल्यावर तिची आई राजकुंवरबाई म्हणाल्या, मुलापेक्षा मुलगी जास्त शिकलेली बरी दिसत नाही, तेव्हा शाळा आता पुरे.

मला करवतीचा आवाज ऐकू आला. मित्रांनो, कोणाला मापात बसवायला छाटू नका. छाटलेलं पुन्हा जोडता येत नाही, मला विचारा.

तेवढ्यात कुसुमलता आली आणि सरळ माझ्यावर बसली. घरातली मुलगी माझ्यावर पहिल्यांदाच बसत होती.

“बाबूजी, आई, मी अकरावीला जाणार. बोदवडच्या मुलाला कमीपणा वाटत असेल तर त्याने पुढे शिकावं. त्याची गादी उंच करा. माझे पाय कापू देणार नाही मी.”