काचेमागचे पेढे

पुष्पावतीने खोक्याचं झाकण काढलं, एक पेढा उचलला आणि साहेबांच्या टेबलाच्या काचेवर आपटला. टक् आवाज झाला. पेढ्याला काही झालं नाही.

"खा," ती म्हणाली.

रविराज साहेबांनी पेढ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. संगमनेरजवळ हायवेला लागून 'क्षीरबन'चं मिठाईचं दालन त्यांनीच उभं केलं होतं. स्वतःच्या मालाला ते आज पहिल्यांदाच भीत होते.

"ताई, बसा. चहा सांगतो."

"चहा बी तसलाच आसंल. बसाया न्हाई आले."

ती आली होती गिऱ्हाईक म्हणून. लेकीने, राजेश्वरीने, स्वतः भरलेलं खोकं भावकीत वाटायचं, एवढीच हौस. काउंटरवरच्या भारतीने तिचा हात हळूच धरला. "मावशी, ह्यातलं नका घेऊ. हे पेढे नुसते दाखवायचे हायेत." बाकीची हकीकत पुष्पावतीने तिच्याकडून काढून घेतली.

राजेश्वरीला डाउन सिंड्रोम. 'समावेशक रोजगार' अशी पाटी लावून तिला दालनात पुढेच, काचेमागे बसवलेलं. पांढरी टोपी, पांढरा एप्रन. दिवसभर ती पेढे मोजून खोक्यांत भरायची. संध्याकाळी ती गेली की खोकी परातीत ओतली जायची आणि सकाळी तीच परात तिच्यापुढे यायची. विकायचे पेढे आत, भट्टीमागच्या खोलीत भरले जात. पुण्याहून पाहुणे आले की काचेपुढे फोटो आणि राजेश्वरीला शाल-नारळ. आपल्याकडे शाल मिळवायची तर माणसाला निवडून यावं लागतं, नाहीतर रिटायर व्हावं लागतं. राजेश्वरीच्या कपाटात शालींची चळत झाली होती. काम मात्र तिला एका खोक्याचंही मिळालं नव्हतं, आणि ही बाजू कुठल्याच फोटोत येत नव्हती.

"पगार वेळेवर होतो ना?" साहेब म्हणाले. "आतल्या कामाला वेग लागतो. चुकलं की गिऱ्हाईक बोंबलतं. आम्ही जपतो तिला, ताई."

"जपाया घरी मी हाय. हितं कामाला लावली हुती."

"पुढच्या महिन्यात दिव्यांग दिन आहे. मोठा सत्कार करू. तुमचाही."

"माझा? म्या काय कुस्ती मारली? आन् तिचा कशाचा करता वो? दगडं भरल्याचा?"

आवाज ऐकून आतला मुकादम गोरक्ष दारात आला. त्याच्या मागून टोपी सारखी करत राजेश्वरी. ती सरळ टेबलापाशी गेली. पेढा उचलून तिने उलटा केला. त्याच्या पाठीवर नखाचा ओरखडा होता.

"ह्यो माझा हाय," ती म्हणाली. "खूण केलती. रोज येतो."

"तुला म्हाईत हुतं?" पुष्पावतीचा आवाज चिरकला. "मंग सांगितलं का न्हाईस?"

"तू समद्यांना सांगत हुतीस, लेक कामाला जाती म्हणून."

साहेबांनी टेबलावरचं पेन विनाकारण सरळ करून ठेवलं. गोरक्षने घसा खाकरला.

"साहेब, माझ्याकडं द्या तिला. पन चुकली तर बोलनार. बाकीच्यांना बोलतो तसंच. लाड न्हाई."

"बोला की! चांगलं फाडून बोला," पुष्पावती म्हणाली.

"दुपारची पाळी हाय. सुटाया अंधार पडतो. टेम्पो घुलेवाडी फाट्याला सोडतो. तिथनं घरापत्तुर आपलं आपन."

"एकटी?"

"बाकीच्या बायाबी एकट्याच जात्यात."

पुष्पावतीने साहेबांकडे पाहिलं. तिने मदतच मागितली असावी, तसे साहेब थोडे पुढे झुकले. ती खुर्चीत बसली.

"आसं करा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "बसू द्या तिला फुडंच, काचंमागं. फकस्त पेढे तेवढे रोज ताजे द्या."

"बघा, तेच तर मी म्हणत होतो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी चहासाठी घंटी दाबली.

राजेश्वरीने हातातला पेढा कचऱ्याच्या डब्यात टाकला. तिचे कान लाल झाले होते. आईकडे न बघता ती गोरक्षकडे वळली.

"काका, टेम्पो कुटं थांबतो?"