तबकडीच्या शेवटचं नाव

मधुसूदन सरकारी कचेरीत मोठा बाबू झाला, पण घरातल्या एका तबकडीला तो जन्मभर भ्याला. त्याची आई जयवंताबाई लग्नाआधी कुहीला भजनं गायची. रेकॉर्ड भरणारी मंडळी नागपुरात आली तेव्हा तिचंही एक भजन त्यांनी भरून घेतलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गाणं संपताच तिने कर्ण्यात तोंड घालून खणखणीत सांगितलं होतं, 'मी जयवंता, कुहीची.'

त्या एवढ्याशा वाक्याने घात केला. कर्ण्यात गाऊन वर आपलं नाव सांगणारी बाई म्हणजे कोठ्यावरचीच असं लोक समजतील, हे मधुसूदनला पक्कं ठाऊक होतं. लेबलावरचं नाव त्याने ओल्या फडक्याने केव्हाच घासून काढलं. पाहुण्यांनी आग्रह केला की भजन लावायचा, आणि शेवट आला की चटकन सुई उचलायचा. पुढे तबकडी खराब आहे, म्हणायचा. आई दाराशी उभी असायची. सुई उचलली की आत जायची.

मग एकदा अरुंधतीला, त्याच्या मुलीला, पाहायला मुलाचे वडील, लकडगंजचे देवराव आले. लाकडाचे व्यापारी, पण जुन्या तबकड्यांचे भारी शौकीन. चावीचा ग्रामोफोन दिसला आणि पोहे राहिले बाजूला. भजन खरखरत संपत आलं, मधुसूदनचा हात सवयीने पुढे झाला, तर देवरावांनी त्याचं मनगटच धरलं.

"राहू द्या जी. शेवटी नाव येते."

नाव आलं. सगळं भजन झिजून गेलेलं, नाव मात्र कोरं करकरीत. शेजारच्या खोलीतून एखादी पोर बोलावी तसं. धरणीने पोटात घ्यावं असं मधुसूदनला झालं.

"गाणं पार घासलं, अन् नाव काहून असं नवंच राहिलं?" देवरावांनी विचारलं.

दारातून आईच बोलली.

"आमच्या आधीच्या मशीनची सुई तिथवर पोचतच नव्हती जी. ही मागाहून आली."

देवरावांना ते पटलं. मधुसूदनला मात्र उमगलं, आईला पहिल्यापासून सगळं कळत होतं, आणि आज त्याच्या वाटचं खोटं तीच बोलली. सोयरीक मोडण्याची धास्ती कुठल्या कुठे गेली. मधुसूदनला स्वतःचीच लाज वाटली, मान वर करवेना इतकी.

जयवंताबाई पदर सावरत पुढे येऊन बसली. ग्रामोफोन मुलाच्या हाताशी होता, पण ती वळली देवरावांकडे.

"शेवटचं तेवढं पुन्हा लावता का जी?"